नाराची देवहरणे : श्रद्धा, भय आणि करुणा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



जपानच्या मुख्य बेटावर, क्योतोच्या दक्षिणेस नारा नावाची प्राचीन नगरी आहे. इ. स. ७१० ते ७८४ या काळात ती त्या देशाची राजधानी होती. या नगरीच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे पाचशे हेक्टरांचे एक विस्तीर्ण उद्यान पसरलेले आहे. त्यात प्रवेश करणाऱ्या परदेशी यात्रेकरूला पहिला धक्का बसतो तो तेथील हरणांमुळे. मंदिराच्या पायऱ्यांवर, दगडी दीपस्तंभांच्या मधल्या जागेत, रस्त्याच्या कडेला आणि कधी कधी भर रस्त्यात ही हरणे निर्धास्तपणे उभी असतात. वाहने थांबतात, शाळकरी मुले बाजूने वाट काढतात आणि हरीण आपल्या गतीने पलीकडे जाते.

ही हरणे पाळीव नाहीत, हे येथे आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे. ती कोणाच्या मालकीची नाहीत. रात्री त्यांना गोठ्यात बांधले जात नाही, दोन्ही वेळा चारा घातला जात नाही. ती वन्य हरणे आहेत. रानात भागते त्याप्रमाणे गवत, पाने आणि फळे यांवरच त्यांचा निर्वाह चालतो. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या १,४०० हून अधिक भरली. एवढी वन्य जनावरे आणि लाखोंची वस्ती असलेले शहर यांनी एकमेकांच्या अंगणात हजाराहून अधिक वर्षे नांदावे, ही गोष्ट सहजसाध्य नव्हे. ती कशी साधली, मध्येच कशी मोडली, पुन्हा कशी उभी राहिली आणि आज तिच्यापुढे कोणते कठीण प्रश्न उभे आहेत, याचा विचार प्राणिमात्रांविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने करावा असा आहे.

या कथेचा उगम एका आख्यायिकेत आहे. जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ काशिमा नावाचे पुरातन देवस्थान आहे. तेथील देवता ताकेमिकाझुची ही शौर्याची देवता मानली जाते. नारा येथे राजधानी वसल्यानंतर फुजिवारा या प्रबळ घराण्याने आपल्या कुलाच्या रक्षणार्थ या देवतेला पाचारण केले. देवता निघाली ती शुभ्र हरणावर आरूढ होऊन. शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून ती नाराजवळच्या मिकासा डोंगराच्या माथ्यावर उतरली. पुढे परंपरेनुसार इ. स. ७६८ मध्ये त्या डोंगराच्या पायथ्याशी कासुगा देवस्थानाची स्थापना झाली आणि चार देवतांची तेथे प्रतिष्ठापना करण्यात आली. देवतेला वाहून आणणाऱ्या त्या हरणाचे वंशज म्हणून नाराची सारी हरणे पवित्र ठरली. देवाचे दूत म्हणून लोक त्यांना वंदन करू लागले. ज्या काशिमाहून देवता आली, त्या नावाच्या लेखनातही ‘हरीण’ या अर्थाचे अक्षर आहे. इ. स. ७२३ पासून ते तसे लिहिले जाते.

मध्ययुगीन जपानी चित्रकारांनी या प्रसंगाची जी चित्रे रंगविली, ती पाहण्यासारखी आहेत. त्यांना कासुगाची मृगमंडले म्हणतात. वर मिकासा डोंगर आणि त्यामागे चंद्रासारखे बिंब, खाली मेघावर उभे असलेले शुभ्र हरीण. त्याच्या पाठीवर खोगीर आहे, पण स्वार नाही. खोगिरावर एका पवित्र वृक्षाची फांदी रोवलेली असून तिच्यावर गोल आरसा तेवढा झळकतो आहे. देवतेचे रूप चित्रकाराने दाखविलेलेच नाही. जे दिसते ते हरीण, वृक्ष, आरसा आणि डोंगर. पाहणाऱ्याने हरणाकडे पाहावे आणि त्यावरून अदृश्याची जाणीव करून घ्यावी, अशी ती योजना आहे.

जपानी देवस्थानांच्या साऱ्या परिसररचनेत हेच तत्त्व आढळते. आपल्याकडे मंदिर म्हटले की उत्तुंग शिखर डोळ्यांपुढे येते. शिंतो देवस्थानाची महती मात्र इमारतीच्या उंचीवर अवलंबून नसते. प्रथम एक साधी कमान लागते. दोन उभे खांब आणि वर दोन आडव्या तुळया, एवढेच तिचे रूप. तिला तोरी म्हणतात. तिच्याखालून गेले की लौकिक जग मागे राहिले, असा संकेत आहे. कासुगाच्या पहिल्या तोरीपासून मुख्य देवालयापर्यंतची वाट एक किलोमीटरहून अधिक लांब आहे. ती झाडांच्या सावलीतून, किंचित चढत, वळणे घेत जाते. मध्येच हात आणि मुख प्रक्षाळण्यासाठी वाहत्या पाण्याचे पात्र असते. दोन्ही बाजूंना शेवाळाने मढलेले दगडी दीप उभे असतात. देवालयाच्या ओवऱ्यांतून काशाचे दीप टांगलेले असतात. दगडी सुमारे दोन हजार आणि काशाचे सुमारे एक हजार, असे तीन हजारांच्या आसपास दीप भाविकांनी शतकानुशतके अर्पण केलेले आहेत. फेब्रुवारीच्या आरंभी आणि ऑगस्टच्या मध्यास ते सारे प्रज्वलित केले जातात. त्या मंद प्रकाशात एखादे हरीण दीपांमधून शांतपणे सरकत जाते, तेव्हा मनुष्य, देव आणि पशू यांना विभागणारी रेषा काही क्षण पुसली जाते.

या साऱ्याच्या पाठीमागे अरण्य आहे. देवालयामागील कासुगा डोंगरावर वृक्षतोड आणि शिकार करण्यास इ. स. ८४१ मध्ये राजाज्ञेने बंदी घालण्यात आली. सुमारे २५० हेक्टरांचे ते वन तेव्हापासून कुऱ्हाडीपासून जपले गेले. एका शहराच्या इतक्या निकट असूनही ते आदिम स्वरूपात टिकले आहे. १९५५ मध्ये जपान सरकारने त्याला विशेष निसर्ग-स्मारकाचा दर्जा दिला आणि १९९८ मध्ये प्राचीन नाराच्या वास्तूंसमवेत त्याची जागतिक वारशात गणना झाली. वास्तूंच्या यादीत एका वनाचा समावेश व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. लाकडी देवालय दर वीस वर्षांनी नव्याने सजविले जाते. अशी साठावी वेळ २०१६ मध्ये पूर्ण झाली. वन मात्र मनुष्याने केवळ हात आवरता घेतल्यामुळे उभे आहे.

नाराचे सौंदर्य घडविण्यात हरणांचाही प्रत्यक्ष हात आहे. उद्यानातील हिरवळ यंत्राने कापावी लागत नाही. हरणे ती सतत चरत असल्याने आखूड राहते. त्या गवताच्या बिया हरणांच्या पोटातून जाऊन लेंड्यांबरोबर सर्वत्र पसरतात. त्या लेंड्या शेणकिडे मातीत मिसळवितात. निळसर तेजाने चमकणारा एक शेणकिडा तर नाराची शोभाच मानला जातो. अशा रीतीने गवत हरणाला पोसते, हरीण किड्याला पोसते आणि किडा पुन्हा गवताला पोसतो. उद्यानात पांढऱ्या फुलांच्या घोसांनी लवणारी असेबी नावाची झुडुपे विपुल दिसतात, त्याचेही कारण हरीणच. त्या झुडुपाची पाने विषारी असल्याने हरणे त्यांना तोंड लावीत नाहीत. इतर रोपे खाल्ली जातात आणि असेबी उरते. जे दृश्य यात्रेकरूला माळ्याने योजनापूर्वक रचल्यासारखे वाटते, ते पुष्कळ अंशी हरणांच्या दातांनी कोरलेले आहे.

श्रोतेहो, येथवरचे चित्र रमणीय आहे. परंतु या पावित्र्याला एक काळी बाजूही होती आणि ती झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही.

जपानमध्ये सर्वत्र हरीण अवध्य होते, असे कोणी समजू नये. बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली सम्राट तेम्मू याने इ. स. ६७५ मध्ये मांसभक्षणावर बंदी घातली. तिच्यात गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांची नावे होती; हरणाचे नव्हते. देशात अन्यत्र हरणांची शिकार चालूच राहिली. नाराच्या हरणांना अभय मिळाले ते देवस्थानामुळे. मध्ययुगात कोफुकुजी या बलाढ्य बौद्ध विहाराचे कासुगा देवस्थानाशी ऐक्य झालेले होते आणि हरणांच्या रक्षणाचा अधिकार त्या विहाराकडे होता. हरणाचा वध करणाऱ्यास देहदंड होत असे. एका कोवळ्या मुलाच्या हातून चुकून हरीण मेले आणि त्या मृत हरणासमवेत त्याला जिवंत गाडण्यात आले, अशी करुण दंतकथा नारामध्ये आजही सांगितली जाते. नाराचे लोक पहाटे लवकर उठतात, या लौकिकाचे कारणही लोककथा असेच देते. रात्री आपल्या दारात हरीण मरून पडले असेल तर दोष आपल्यावर येईल, या धास्तीने प्रत्येक जण उजाडण्यापूर्वी दार उघडून पाही.

कथाकथनाच्या जपानी परंपरेत या विषयावर एक प्रसिद्ध कथा आहे. नारामधील एक गरीब आणि सज्जन तोफूवाला पहाटे दुकान उघडतो. तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेले पनीरासारखे अन्न. बाहेर ठेवलेला सोयाबीनचा चोथा कोणी जनावर खात असल्याचे त्याला अंधारात दिसते. कुत्रे समजून तो लाकडाचा तुकडा फेकतो. तो वर्मी लागतो आणि पाहतो तर हरीण मरून पडलेले. तो न्यायाधीशापुढे उभा राहतो. न्यायाधीश दयाळू आहे. मृत पशूकडे पाहून तो निकाल देतो, की हे हरीण नव्हे, हा कुत्राच आहे. हरणांच्या रक्षणासाठी नेमलेला अधिकारी हरकत घेतो, तेव्हा न्यायाधीश त्यालाच उलट प्रश्न विचारतो. हरणांच्या चाऱ्यासाठी दरवर्षी एवढे द्रव्य मंजूर होते. मग देवाच्या हरणाला चोथा खाण्याची पाळी का यावी? ते द्रव्य गेले कोठे? अधिकारी निरुत्तर होतो. त्यालाही मग ते मृत जनावर कुत्राच दिसू लागते.

लोक ही कथा हसत हसत ऐकत आले. पण तिच्यात धर्मविचाराचे मर्म आहे. हरणाला मारणाऱ्याचा अपराध सर्वांना दिसला. हरणाला उपाशी ठेवणाऱ्याचा अपराध कोणालाच दिसला नव्हता. वध न करणे म्हणजेच अहिंसा, एवढाच संकुचित अर्थ घेतला, तर ज्यांच्या हवाली प्राणी सोपविला आहे त्यांच्या कर्तव्याचा विसर पडतो. आणि दंडाच्या भयाने पाळलेली अहिंसा मनुष्याच्या ठायी करुणा उपजवीत नाही. ती केवळ दार उघडून बाहेर पाहण्याची सवय लावते.

भयाच्या पायावर उभे असलेले रक्षण किती तकलादू असते, याचा पुरावा इतिहासाने लवकरच दिला. १८६८ मध्ये मेइजी सत्तांतर झाले. नव्या शासनाने बौद्ध विहार आणि शिंतो देवस्थाने यांना एकमेकांपासून विभक्त केले. कोफुकुजीचे वैभव लयाला गेले आणि हरणांवरील त्याचा अधिकारही संपला. सुधारणेच्या उत्साहात जुन्या श्रद्धा हास्यास्पद ठरू लागल्या. हरणे कुंपणात कोंडली गेली. उपासमार, रोगराई आणि भटकी कुत्री यांनी त्यांचा फडशा पाडला. जी हरणे सहस्र वर्षे देवदूत म्हणून मिरवली, ती १८७३ मध्ये अवघी ३८ उरली. आख्यायिका तीच होती, डोंगर तोच होता, देवालय तेच होते. दंड करणारी सत्ता तेवढी गेली आणि तिच्याबरोबर अभयही गेले.

पुढे समाज सावध झाला. १८८० मध्ये नारा उद्यानाची स्थापना झाली. १८९१ मध्ये हरणांच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली. तिचीच परंपरा आजच्या हरीण-संरक्षण संस्थेने चालविली आहे. हळूहळू हरणांची संख्या वाढून शेकड्यांत गेली. पण दुसऱ्या महायुद्धाने सारे पुन्हा धुळीस मिळविले. भुकेने व्याकूळ झालेल्या काळात अनेक हरणे चोरून मारली गेली आणि १९४५ मध्ये त्यांची संख्या ७९ वर आली. त्यानंतरचा उद्धार राजदंडाने झाला नाही. तो नागरिक, देवस्थान आणि शासन यांच्या संयुक्त प्रयत्नांनी झाला. १९५७ मध्ये ‘नाराची हरणे’ निसर्ग-स्मारक म्हणून घोषित झाली.

या हरणांच्या वंशसातत्याला अलीकडे विज्ञानानेही दुजोरा दिला आहे. जपानी विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात असे आढळले, की नारा उद्यानातील हरणांचा वंश आसपासच्या डोंगरांतील हरणांपासून हजाराहून अधिक वर्षे अलग राहिलेला आहे. सभोवारच्या प्रदेशात शिकार होत राहिली, तेथील हरणे नष्ट झाली. देवस्थानाच्या आश्रयास असलेली तेवढी तगली. श्रद्धेने आखलेली सीमा प्राण्यांच्या रक्तात उमटावी, असे हे उदाहरण विरळाच.

आज या रक्षणाचे दैनंदिन रूप कसे आहे, हेही पाहण्यासारखे आहे. मे ते जुलै या काळात पाडसे जन्मतात. त्या वेळी माता फार सावध असतात आणि पाडसाजवळ येणाऱ्यावर धावून जातात. म्हणून गाभण हरिणींना शक्य तेवढ्या संख्येने संरक्षित आवारात आणून ठेवले जाते. शरद ऋतूत नर हरणे मदमस्त होतात आणि त्यांची शिंगे माणसांना व परस्परांना घातक ठरतात. यास्तव सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिंगे कापण्याचा विधी चालत आला आहे. सेवक दोरांनी नराला अडवितात, देवस्थानाचा पुजारी त्याला पाणी पाजून शांत करतो आणि करवतीने शिंगे उतरवितो. त्या ऋतूत शिंगांतील रक्तप्रवाह थांबलेला असल्याने हरणाला वेदना होत नाही, आणि पुढील वर्षी शिंगे पुन्हा उगवतात. कापलेली शिंगे देवतेला अर्पण होतात. हिवाळ्याच्या सकाळी एक सेवक मैदानात उभा राहून पितळी शिंग फुंकतो. त्यातून जर्मन संगीतकार बेथोव्हेन याच्या सहाव्या सिंफनीचे सूर उमटतात आणि झाडीतून हरणे धावत येतात. त्यांना ओकवृक्षाची फळे वाटली जातात. ही प्रथा १८९२ पासूनची आहे.

यात्रेकरू हरणांना पातळ गोल बिस्किटे देतात. ती तांदळाचा कोंडा आणि गव्हाचे पीठ यांची असून त्यांत साखर नसते. त्यांच्या विक्रीतून संरक्षणकार्याला साहाय्य मिळते. हरणे मान लववून ती मागतात आणि यात्रेकरूला वाटते, की जणू तीही नमस्कार करीत आहेत. परंतु याच प्रेमातून अपायही झाला. यात्रेकरूंनी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या अन्नाच्या वासामुळे हरणांच्या पोटात जाऊ लागल्या. २०१९ मध्ये मेलेल्या हरणांची तपासणी केली, तेव्हा अनेकांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे सापडले. त्यांतील एक ४.३ किलो वजनाचा होता. त्या हरणावर कोणी शस्त्र उगारले नव्हते. त्याला मारण्याची इच्छा कोणाच्याही मनात नव्हती. तरी ते अन्नाविना तडफडून मेले. जेथे हिंसेचा हेतू नसतो तेथेही प्रमाद असतो आणि प्रमादातून घडणारी हिंसा ही हिंसाच असते, हा विचार या सभागृहातील श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. त्यानंतर स्थानिक व्यावसायिकांनी तांदळाचा कोंडा मिसळलेल्या कागदाच्या पिशव्या तयार केल्या. हरणाने चुकून खाल्ल्या तरी त्याला बाधू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

याहून कठीण प्रश्न उद्यानाच्या सीमेबाहेर उभा राहतो. हरणांना देवस्थानाची हद्द ठाऊक नसते. ती आसपासच्या शेतांत शिरतात आणि भातपीक फस्त करतात. देवाचे दूत म्हणून शहर ज्यांचे कौतुक करते, त्यांचे पोट शेतकऱ्याने एकट्याने का भरावे? १९७९ मध्ये शेतकऱ्यांनी या प्रश्नासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. १९८५ मध्ये तडजोड झाली आणि साऱ्या प्रदेशाचे चार विभाग ठरले. उद्यानाच्या गाभ्यात हरणांचे कसोशीने रक्षण करावयाचे. बाहेरच्या विभागात मनुष्याच्या उपजीविकेला प्राधान्य द्यावयाचे. २०१७ पासून सर्वांत बाहेरच्या विभागात मर्यादित संख्येने हरणे पकडून मारण्यासही आरंभ झाला. त्या निर्णयाने अनेकांची मने व्यथित झाली. शेतकऱ्याची व्यथाही खोटी नव्हती.

मधल्या विभागात पिकांची हानी करणारी आणि माणसांना इजा करणारी हरणे पकडून एका खास कुंपणात आजन्म ठेवण्याची पद्धत होती. मारावयाचे नाही म्हणून कोंडावयाचे, असा तो मध्यममार्ग. २०२३ मध्ये एका पशुवैद्यकाने उघड तक्रार केली, की त्या कुंपणातील हरणांना पुरेसे अन्न मिळत नाही आणि ती खंगून मरत आहेत. तेव्हा तेथे दोनशेहून अधिक हरणे होती. नगरपालिका आणि प्रांतिक शासन यांनी चौकशी केली. आहार, जागा आणि विभागांचे नियम यांचा फेरविचार सुरू झाला. तोफूवाल्याच्या कथेतील न्यायाधीशाचा प्रश्न शतकांनंतर प्रत्यक्षात पुन्हा विचारला गेला. अवध्य ठरविलेल्या जिवाच्या भुकेचे उत्तरदायित्व कोणाचे?

जैन परंपरेला हा प्रश्न अपरिचित नाही. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछन हरीण आहे. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ विवाहासाठी निघाले असता त्यांना वाटेत कुंपणात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला आणि तेथूनच ते परत फिरले, ही कथा घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत कुंपणाजवळून जाणारे वऱ्हाडी पुष्कळ होते. आक्रोश सर्वांच्या कानांवर पडला असेल. ऐकला तो एकानेच. नाराच्या कुंपणाजवळही एका माणसाने तो ऐकला, एवढीच आशेची बाजू.

प्रश्न येथेही संपत नाही. ज्या अरण्याला इ. स. ८४१ पासून अभय आहे, ते अरण्य आज हरणांमुळेच संकटात आहे. हरणे कोवळी रोपे खाऊन टाकतात. जुने वृक्ष वठून पडतात आणि त्यांच्या जागी नवे उगवत नाहीत. हरणे ज्यांना तोंड लावीत नाहीत, अशा मोजक्या जातींचे वृक्ष फोफावतात. त्यांत बाहेरून आलेली झाडेही आहेत. म्हणून वनात जागोजागी जाळ्यांची कुंपणे घालून रोपांना संरक्षण दिले जात आहे. पवित्र हरणांपासून पवित्र वनाचे रक्षण करावे लागावे, ही स्थिती चमत्कारिक आहे खरी. पण एका जिवावरची दया दुसऱ्या जिवाला भार होऊ लागली, तर विवेकाने तोल सांभाळावा लागतो. तो तोल एकदा साधून कायमचा राहत नाही.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले आहे. समुद्राच्या पाण्यात उभी असलेली तेथील भव्य तोरी जगप्रसिद्ध आहे. इत्सुकुशिमा देवस्थानाचे आजचे भव्य रूप बाराव्या शतकात ताइरा नो कियोमोरी याच्या काळात घडले आणि १९९६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बेटच देवस्वरूप मानले जात असल्याने तेथे दफनभूमी नाही. तेथेही हरणे मोकळी फिरतात. परंतु यात्रेकरूंच्या खाद्यावर अवलंबून राहून ती रानातील आपला चारा विसरू लागली, म्हणून स्थानिक शासनाने या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांना खाऊ घालण्यास मनाई केली. नारात देणे ही प्रीती ठरली. मियाजिमात न देणे ही प्रीती ठरली. दोन्हीकडे हेतू एकच आहे, आचार मात्र स्थळ पाहून ठरला आहे.

देवस्थानांचे हे सौंदर्य केवळ जुने आहे म्हणून टिकलेले नाही, याची साक्ष आणखी एका घटनेने दिली आहे. १९०६ मध्ये जपान सरकारने गावोगावची लहान देवस्थाने एकत्र करण्याचे धोरण अवलंबिले. सुमारे दोन लाख देवस्थानांपैकी सत्तर हजारांहून अधिक मोडीत निघाली. त्यांच्या भोवतालची, आपल्या देवरायांसारखी राखलेली वने तोडून विकली गेली. मिनाकाता कुमागुसू या निसर्गशास्त्रज्ञाने याविरुद्ध आवाज उठविला. वन गेले की पक्षी जातात, पक्षी गेले की पिकांवर कीड येते आणि देवस्थान गेले की गावाचे ममत्वच आटते, असे तो पोटतिडकीने सांगत राहिला. त्यासाठी १९१० मध्ये त्याने कारावासही सोसला. अखेर १९२० मध्ये ते धोरण सोडून देण्यात आले. जी देवस्थान-वने वाचली, त्यांचा अभ्यास करून आकिरा मियावाकी या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्थानिक वृक्षांची दाट वने वाढविण्याची पद्धत सिद्ध केली. २०२० पासून मुंबई महानगरपालिकेने शहरात जी ‘मियावाकी वने’ लावली, त्यांचे मूळ जपानी देवस्थानांच्या त्या राखलेल्या वनांत आहे. एका देशाने जपलेले बीज दुसऱ्या देशात असे रुजते.

बंधू-भगिनींनो, नाराच्या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ थोडक्यात सांगावयाचा तर तो असा. श्रद्धेने हरणांना नाव दिले आणि जागा दिली; त्याविना ती टिकलीच नसती. भयाने त्यांना काही शतके राखले, पण भय ओसरताच पन्नासदेखील उरली नाहीत. आज जी शेकडो हरणे त्या वाटेवर विसावलेली दिसतात, ती दररोजच्या सेवेमुळे. पाडसांची गणना करणारा सेवक, पिशवीचा कागद बदलणारा व्यावसायिक, कुंपणाविषयी तक्रार करणारा पशुवैद्यक, नुकसान सोसूनही तडजोडीला बसलेला शेतकरी आणि वाहन थांबवून हरणाला वाट देणारा सामान्य नागरिक, या सर्वांच्या हातून ते अभय घडत असते. कोणताही प्राणी एकदा पवित्र ठरला की आपले काम संपत नाही. खरे काम तेथूनच सुरू होते.

मृगमंडलाच्या चित्रात हरणाच्या पाठीवरील खोगीर रिकामे आहे. देवता दिसत नाही; दिसतो तो आरसा. हरणासमोर उभ्या राहणाऱ्या मनुष्याला त्यात आपलेच मुख दिसावे आणि आपण या मुक्या जिवाशी कसे वागलो, हे त्याने स्वतःच पाहावे.